शारीरिक क्षमता व वार्धक्यातील आयुर्मान

दैनंदिन कामे फारसा थकवा न येता पार पाडण्याची आणि प्रसंगी अधिक श्रम सोसण्याची शरीराची पात्रता म्हणजे शारीरिक क्षमता होय. हृदय व फुप्फुसे यांची ऑक्सिजन पुरविण्याची शक्ती, स्नायूंचे बळ, सांध्यांची लवचिकता आणि तोल सांभाळण्याची कुवत ही तिची प्रमुख अंगे होत. वयाबरोबर ही क्षमता घटते. मात्र ती किती घटते, हे वयाप्रमाणेच शरीराच्या वापरावरही अवलंबून असते. व्यायामाने आयुष्य वाढते, ही समजूत पुरातन आहे. परंतु वृद्धांनी व्यायाम करावा की नाही आणि करावयाचा झाल्यास किती, या प्रश्नांची उत्तरे काळानुसार बदलत गेली आहेत.

आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत व्यायामाचा विचार दिनचर्येचे अंग म्हणून केलेला आढळतो. चरकसंहितेत व्यायामाने शरीराला लाघव, कार्यक्षमता व स्थैर्य प्राप्त होते आणि अग्नी वाढतो, असे सांगून अतिव्यायामापासून थकवा, क्षय, तहान, खोकला, ज्वर इ. विकार संभवतात, असा इशारा दिला आहे. सुश्रुतसंहितेत नियमित व्यायाम करणाऱ्यावर जरा एकाएकी चाल करून येत नाही, असे म्हटले आहे. मात्र व्यायाम बलाच्या अर्ध्या मर्यादेपर्यंतच करावा, असेही तेथे बजावले असून, श्वास तोंडावाटे येऊ लागला म्हणजे ती मर्यादा गाठली, अशी तिची खूण दिली आहे. चालताना बोलता येते परंतु गाता येत नाही, इतपत श्रम मध्यम समजावेत, हा आजच्या वैद्यकातील ढोबळ निकष या खुणेपासून फारसा दूर नाही. वाग्भटानेही अष्टांगहृदयात अर्धशक्तीचा नियम स्वीकारला आहे. पण व्यायाम वर्ज्य असणाऱ्यांच्या यादीत त्याने बालक व अजीर्णाचा रोगी यांच्याबरोबर वृद्धाचाही समावेश केला आहे. मध्यम प्रमाणाचा आग्रह आणि वृद्धाला मनाई या दोन सूत्रांपैकी पहिले पुढे टिकले, तर दुसरे विसाव्या शतकातील निरीक्षणांपुढे टिकले नाही.

महाराष्ट्रातील तालीम ही मुख्यतः तरुणांची संस्था होती. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबविद्येस नवे रूप दिले. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी कुस्तीस उदार आश्रय दिला आणि १९१२ मध्ये तेथे खासबाग मैदान उभे राहिले. जोर, बैठका व खुराक यांचा तेथील हिशेब लढतीसाठी असे, उतारवयासाठी नव्हे. लढती संपल्यावर मेहनत सुटते, खुराक मात्र सहसा सुटत नाही, अशी मल्लाची अवस्था तालमीच्या परिसरात अपरिचित नव्हती. याउलट तालमीचा उंबरठाही न ओलांडलेली असंख्य माणसे म्हातारपणी मैलोगणती चालत. आळंदी ते पंढरपूर ही सु. २५० किमी.ची वाट पायी तुडविणाऱ्यांत किंवा देहूहून निघून दौंड तालुक्यातील यवत, वरवंड या मुक्कामांवरून जाणाऱ्या पालखीबरोबर चालणाऱ्यांत साठी उलटलेले स्त्रीपुरुष मोठ्या संख्येने असतात. त्यास व्यायाम असे कोणी म्हणत नाही. परंतु सौम्य गतीने, रोज ठराविक टप्पा गाठीत केलेले ते दीर्घ श्रमच होत.

व्यायाम हा लढतीपासून वेगळा काढून सर्व वयांसाठी मांडण्याचे मोठे श्रेय औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांच्याकडे जाते. १९०९ मध्ये गादीवर आल्यानंतर त्यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, त्यांवर पुस्तक लिहिले आणि स्वतःचा परिपाठ अखंड चालविला. १९३८ मध्ये त्यांच्या पद्धतीवरील इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. या व्यायामास प्रतिस्पर्धी, हौद वा साधने लागत नाहीत, तो घरात व स्त्रियांनाही करता येतो आणि मुख्य म्हणजे नमस्कारांची संख्या वयानुसार कमी करता येते. तालमीपेक्षा हा अगदी निराळा विचार होता. याच सुमारास स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम आश्रम स्थापून क्ष-किरण व दाबमापन यांच्या साहाय्याने यौगिक क्रियांचे प्रयोगशाळेत परीक्षण आरंभिले. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली निघालेला दशखंडात्मक व्यायाम ज्ञानकोश (१९३६–४९) हेही या जागृतीचेच फळ होय.

या काळातील काही दीर्घायुषी व्यक्ती महाराष्ट्रात नियमित जीवनाच्या आदर्श ठरल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी १०४ वर्षांचे आयुष्य उपभोगिले. किशोरवयात परीक्षेसाठी ते मुरूडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्यास पायी गेले. तेथे वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. पुढे हिंगण्यास आश्रम नेल्यानंतर फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आटोपून आश्रमाकडे पायी जाणे हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ ते १९३२ या काळात, त्यांनी यूरोप, अमेरिका, जपान व आफ्रिका येथे प्रवास केला. वेदांचे भाष्यकार श्री. दा. सातवळेकर (१८६७–१९६८) यांचे औंध येथे दीर्घकाळ वास्तव्य होते. सूर्यनमस्कार व आसने यांचे ते पुरस्कर्ते होते आणि त्यांनीही वयाची शंभरी गाठली. क्रिकेटपटू व संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर (१८९२–१९९३) यांनी १९४४ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, रणजी करंडकाच्या एकाच सामन्यातील दोन्ही डावांत शतके काढली. तेही १०१ वर्षे जगले.

अशी चरित्रे स्फूर्तिदायक असली, तरी त्यांवरून व्यायाम व आयुर्मान यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. १९०१–११ या दशकात भारतातील जन्मवेळचे सरासरी आयुर्मान सु. २३ वर्षे होते. बालमृत्यू व साथी यांचा त्यात फार मोठा वाटा होता, आणि त्यांतून तगून वृद्धत्व पावणारी माणसे मुळातच निवडक होती. चालणारा माणूस निरोगी असतो की निरोगी असतो म्हणूनच तो चालू शकतो, हा खरा प्रश्न आहे. आणि व्यायामाच्या पुरस्कर्त्यांनी तो क्वचितच विचारला.

या प्रश्नाचा पद्धतशीर शोध इंग्लंडमध्ये सुरू झाला. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून राहणाऱ्या चालकांत हृदयरोहिणीविकाराचे प्रमाण अधिक आढळले. मात्र काही वर्षांनी मॉरिस यांनीच कामगारांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांच्या तुलनेने अधिक असल्याचे दिसून आले. म्हणजे दोन गटांतील सर्वच फरक जिन्यामुळे पडला, असे म्हणता येईना. स्वतःच्या निष्कर्षावर संशोधकाने स्वतःच शंका घ्यावी, याचे हे एक सुंदर उदाहरण आहे.

१९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेत स्टीव्हन ब्लेअर यांनी १३,३४४ स्त्रीपुरुषांची क्षमता फिरत्या पट्ट्यावर मोजून पुढील सु. आठ वर्षांतील मृत्यूंची नोंद घेतली. सर्वांत कमी क्षमतेच्या पंचमांश गटात मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक होते. पण लक्षणीय गोष्ट अशी, की त्या गटातून लगतच्या वरच्या गटात जाताना होणारी घट सर्वांत मोठी होती. त्यापुढे क्षमता वाढत गेली तरी लाभाची भर कमी होत गेली. अर्धशक्तीच्या जुन्या नियमाला आकड्यांचा असा पाठिंबा प्रथमच मिळाला.

ही माणसे बहुतांशी मध्यमवयीन होती. वृद्धांविषयीचा पुरावा पीटर कोकिनोस यांनी २०१० मध्ये मांडला. त्यांनी अमेरिकेच्या सैन्यातून निवृत्त झालेल्या, ६५ ते ९२ वर्षे वयाच्या ५,३१४ पुरुषांचे निरीक्षण केले. विश्रांत अवस्थेत शरीरास लागणारी ऊर्जा हे एकक धरून श्रमक्षमता मोजली असता, क्षमतेतील प्रत्येक एककाच्या वाढीमागे मृत्यूचा धोका १२ टक्क्यांनी कमी आढळला. चार एककांहून अधिक क्षमता नसणाऱ्यांच्या तुलनेने पाच ते सहा एकके गाठणाऱ्यांचा धोका ३८ टक्क्यांनी, तर नऊहून अधिक गाठणाऱ्यांचा ६१ टक्क्यांनी कमी होता. पाच-सहा एककांची पातळी ही नियमित भरभर चालणाऱ्याच्या आवाक्यातील आहे. तत्पूर्वी १९९८ मध्ये होनोलूलू येथील ६१ ते ८१ वयाच्या, धूम्रपान न करणाऱ्या ७०७ निवृत्त पुरुषांच्या बारा वर्षांच्या पाहणीत, रोज एक मैलाहून कमी चालणाऱ्यांपैकी ४३·१ टक्के, तर दोन मैलांहून अधिक चालणाऱ्यांपैकी २१·५ टक्के मृत्यू पावले होते.

चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याच्या प्रयोगांचे निकाल मात्र अधिक संयत आहेत. नॉर्वेत ७० ते ७७ वयाच्या १,५६७ व्यक्तींवर पाच वर्षे झालेल्या प्रयोगात (२०२०) देखरेखीखाली व्यायाम करणारे आणि केवळ सर्वसाधारण सल्ला पाळणारे यांच्या मृत्युप्रमाणात फरक पडला नाही. सल्ला मिळालेल्यांपैकी पुष्कळजण मुळातच चांगले चालते-फिरते होते, हे याचे एक कारण असावे. अमेरिकेतील ७० ते ८९ वयाच्या, हालचाल मंदावलेल्या १,६३५ व्यक्तींच्या प्रयोगात (२०१४) चालण्यावर भर असलेल्या मध्यम व्यायामामुळे ४०० मी. चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचे प्रमाण ३५·५ वरून ३०·१ टक्क्यांवर आले. वर्षे किती वाढतात याविषयी मतभेद राहिले, तरी स्वतःच्या पायांनी काढावयाची वर्षे वाढतात, हे यातून दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, तसेच तीन दिवस तोल व बळ वाढविणारे व्यायाम सांगितले आहेत.

ही निरीक्षणे बहुतेक शहरी व संपन्न समाजांतील आहेत. ग्रामीण महाराष्ट्राविषयी मोलाची माहिती पुणे जिल्ह्यातूनच उपलब्ध झाली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालय संशोधन केंद्रातर्फे वढू (ता. शिरूर) येथून शिरूर व हवेली तालुक्यांतील बावीस गावांच्या जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची २००२ पासून सतत नोंद ठेवण्यात आली. या यंत्रणेच्या आधारे २००७ मध्ये पन्नाशीच्या पुढील ५,०८७ स्त्रीपुरुषांना त्यांच्या प्रकृतीविषयी व दैनंदिन कामांतील अडचणींविषयी प्रश्न विचारण्यात आले आणि जून २०११ पर्यंत दर सहा महिन्यांनी त्यांचा मागोवा घेण्यात आला. सिद्धिविनायक हिर्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार या अवधीत ४१० जण मृत्यू पावले. स्वतःची प्रकृती वाईट वा अत्यंत वाईट असल्याचे सांगणाऱ्या पुरुषांत मृत्यूचा धोका सु. तिप्पट होता. दैनंदिन कामांतील अक्षमता व जोडीदाराचा आधार नसणे यांचाही मृत्यूशी संबंध आढळला. स्त्रियांच्या बाबतीत मात्र अक्षमता हिशेबात घेतल्यावर स्वतःच्या प्रकृतीविषयीच्या मताचा प्रभाव निश्चित राहिला नाही. या पाहणीत व्यायाम मोजलेला नव्हता. परंतु उठणे, चालणे, घरकाम करणे यांतील पात्रता आयुर्मानाशी निगडित असल्याचे तिने दाखवून दिले.

शिरूर तालुक्यातील वृद्धांची ही पात्रता पिढ्यान्‌पिढ्या शेतीच्या कामातून आपोआप राखली जात असे. पाणी धरणे, खुरपणी, वैरण आणणे, जनावरांमागे जाणे यांत अर्धशक्तीचे श्रम होत आणि त्यांसाठी वेगळा वेळ काढावा लागत नसे. पुणे–नगर रस्त्यावरील कारेगाव व रांजणगाव गणपती यांच्या परिसरात विसाव्या शतकाच्या अखेरीस औद्योगिक वसाहत आली आणि जमीन, उत्पन्न व रोजचा दिनक्रम यांचे स्वरूप बदलले. जमीन वसाहतीत गेलेल्या घरातील साठीच्या माणसाला शेतावर जाण्याचे कारण उरत नाही, आणि अवजड वाहनांच्या वर्दळीत रस्त्याच्या कडेने चालणेही त्याला सोपे नसते. सतरा देशांतील १,३०,८४३ व्यक्तींच्या एका पाहणीत (२०१७) कामाच्या ओघात वा जाण्यायेण्यात होणारे श्रमही मोकळ्या वेळेतील व्यायामाप्रमाणेच कमी मृत्युप्रमाणाशी निगडित आढळले. भारत हा त्या सतरा देशांपैकी एक होता.