क्रीडामंडळातील बालके व परावलंबी प्रौढ यांचे संरक्षण

गावचे कबड्डी मंडळ, पेठेतली तालीम, जलतरण तलावावरचा क्लब, मल्लखांबाची व्यायामशाळा अशा स्थानिक संस्थांत येणारी अठरा वर्षांखालील मुले-मुली आणि स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ असलेले प्रौढ यांना मारहाण, अपमान, हेळसांड व लैंगिक अत्याचार यांपासून सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था. भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. निरनिराळ्या अधिनियमांतील तरतुदी मिळून ही व्यवस्था बनते आणि तिचा मुख्य भार मंडळाच्या कार्यकारिणीवर पडतो.

धोक्याचे स्वरूप : संघात कोण, राखीव कोण, जिल्ह्याच्या निवड चाचणीला कोणाचे नाव पाठवायचे, हे लहान मंडळात बहुधा एकच माणूस ठरवतो. त्याच्यावर पालकांची श्रद्धा असते आणि मुलाला आपली जागा जाण्याची भीती. अत्याचार करणारा नेमका या दोहोंच्या आधाराने वावरतो. शारीरिक जवळीक मात्र खेळातून काढून टाकता येत नाही. मल्लखांबावर नवख्या मुलाला कमरेला धरून आधार द्यावाच लागतो. कुस्तीची पकड अंगाला धरूनच शिकवावी लागते. आता कुठे आणि का धरणार हे वस्तादाने आधी सांगावे, सगळ्यांसमोर शिकवावे आणि मूल ‘नको’ म्हणाले की हात काढून घ्यावा, एवढी शिस्त पाळली तर शिकणे अडत नाही. धोका वाढतो तो आडोशाला : कपडे बदलण्याची खोली, परगावच्या स्पर्धेत शाळेच्या वर्गात सतरंजीवर काढलेली रात्र, एकट्या मुलीला दुचाकीवरून घरी सोडणे, रात्री उशिरा मोबाइलवर येणारे खासगी संदेश.

अत्याचार केवळ लैंगिक नसतो. वजनी गटात बसवण्यासाठी वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, ताप असताना मैदानात उतरवणे हेही क्रौर्यच आहे आणि ‘खेळाडू असाच घडतो’ म्हणून ते खपवून घेतले जाते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार ताब्यातील मुलाला अनावश्यक शारीरिक वा मानसिक यातना देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

रुचिका प्रकरण : १९९० च्या ऑगस्टमध्ये पंचकुला येथे रुचिका या चौदा वर्षांच्या टेनिसपटू मुलीचा राज्य टेनिस संघटनेच्या अध्यक्षाने विनयभंग केला. हा अध्यक्ष हरियाणा पोलीस दलात महानिरीक्षक होता. पोलीस महासंचालकांनी महिन्याभरातच चौकशी करून गुन्हा नोंदवण्याची शिफारस केली, पण गुन्हा नोंदला गेला १९९९ च्या अखेरीस. दरम्यान मुलीला शाळेतून काढण्यात आले, तिच्या भावावर चोरीचे गुन्हे दाखल झाले आणि १९९३ च्या डिसेंबरात तिने आत्महत्या केली. आरोपी दोषी ठरला २००९ मध्ये. शिक्षा सहा महिने, जी अपिलात अठरा महिने झाली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली, मात्र शिक्षा भोगलेल्या कारावासापुरती केली. तक्रार ज्याच्याविरुद्ध, तोच संघटनेचा प्रमुख असेल तर खेळाडूने जायचे कुठे, हा या प्रकरणाने उभा केलेला प्रश्न आजही प्रत्येक मंडळाला लागू आहे.

कायदा : लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला. गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडण्याची शक्यता वाटली तरी कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे त्याचे कलम १९ सांगते. ते न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कारावास व दंड (कलम २१). सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. बदलापूरच्या एका शाळेत मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या २०२४ मधील प्रकरणात शाळेच्या व्यवस्थापनावरही कलम २१ खाली गुन्हा दाखल झाला. पॉक्सो नियम, २०२० मध्ये तर क्रीडा अकादमींचा नावानिशी उल्लेख आहे : मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कंत्राटी असला तरी, वेळोवेळी पोलीस पडताळणी करायची आणि सर्वांना बालसुरक्षेचे प्रशिक्षण द्यायचे.

मंडळाची कामे : ‘मंडळाची बदनामी नको’, ‘पोरीचं पुढे कसं होईल’ अशा शब्दांत प्रकरण आपसात मिटवले जाते. इथेच सर्वांत मोठा अन्याय होतो, कारण माणूस गुपचूप काढला जातो आणि दुसऱ्या मंडळात नव्या मुलांसमोर उभा राहतो. चौकशी करणे, मुलाला आरोपीसमोर उभे करून विचारणे हे कार्यकारिणीचे काम नव्हे. मुलाचे शांतपणे ऐकावे, त्याचे शब्द आहेत तसे तारखेसह लिहून ठेवावेत, संबंधित प्रशिक्षकाला मुलांपासून तत्काळ दूर करावे आणि पोलिसांना कळवावे. मुलाचे नाव बाहेर फुटू देऊ नये. मदतीसाठी १०९८ ही बालसाहाय्यवाहिनी आहे. तक्रार घेण्यासाठी प्रशिक्षकाशी नातेसंबंध नसलेली व्यक्ती नेमावी व तिचा क्रमांक फलकावर मुलांना वाचता येईल इतक्या उंचीवर लावावा. दौऱ्यावर एकाहून अधिक प्रौढ असावेत आणि मुली असतील तर त्यांत स्त्री असावीच.

प्रौढ : बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ खेळाडूंच्या बाबतीत कायद्याचे कवच विरळ आहे. मानसिक वय कमी असले तरी अठरा वर्षांवरील व्यक्ती पॉक्सोखाली ‘बालक’ ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. अशा खेळाडूंना सामान्य फौजदारी कायदा व दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू होतो. २०१६ च्या या अधिनियमाच्या कलम ७ नुसार छळ किंवा शोषण होत असल्याची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यास देऊ शकतो. तालुक्यात हे अधिकार तहसीलदाराकडे असतात. प्रौढ महिला खेळाडूंना २०१३ चा कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक कायदाही उपयोगी पडतो, कारण त्यात क्रीडासंस्था, क्रीडासंकुल व स्पर्धेचे ठिकाण यांचा ‘कामाच्या ठिकाणा’त समावेश आहे. मंडळात दहापेक्षा कमी कर्मचारी असल्याने अंतर्गत समिती नसेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.