शिधापत्रिकेवरील स्वयंपाक

पिढ्यान्‌पिढ्या ताटात मानाच्या जागी असलेला पदार्थ एकाएकी दुर्मिळ झाला, तर घरोघरच्या चुलीवर काय घडते, याचे बोलके उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटनमध्ये सापडते. रविवार म्हणजे भट्टीत भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा, हे तेथील सुस्थित कुटुंबाचे ठरलेले समीकरण होते. रविवारी तो गरम खावयाचा, सोमवारी थंड वाढावयाचा आणि उरलासुरला खिमा करून संपवावयाचा, अशी गृहिणीच्या आठवड्याची आखणी असे. परंतु देशाला लागणाऱ्या अन्नाचा निम्म्याहून अधिक भाग समुद्रापलीकडून येत होता. 1939 च्या सप्टेंबरात युद्ध पेटले, जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजे बुडवू लागल्या आणि या आखणीचा आधारच सुटला.

8 जानेवारी 1940 रोजी बेकन, लोणी व साखर यांचे शिधावाटप सुरू झाले; 11 मार्चपासून मांसही त्यात आले. मांसाची मर्यादा वजनावर नव्हे, तर किमतीवर ठरविली होती. आरंभी प्रौढ माणसास आठवड्याला 1 शिलिंग 10 पेन्स आणि सहा वर्षांखालील मुलास त्याच्या निम्मे, असे प्रमाण होते. म्हणजे जी गृहिणी जनावराचा स्वस्त व चिवट भाग घेई, तिच्या पदरात वजन अधिक पडे. मात्र तो मंद आचेवर तासन्‌तास शिजविण्याचे कौशल्य तिला अवगत असावे लागे. या योजनेमागे शेतीचे गणितही होते. धान्य जनावरांना चारून त्यांचे मांस खाण्यापेक्षा तेच धान्य माणसांनी खाल्ले, तर तेवढ्याच जमिनीवर कितीतरी अधिक तोंडे पोसली जातात. म्हणून कुरणे नांगरण्यास सरकारने उत्तेजन दिले. युद्धापूर्वीच, 1939 च्या मे महिन्यात, त्यासाठी एकरी 2 पौंडांचे अनुदान जाहीर झाले होते.

परंतु हुकमाने मांस कमी करता येते; त्याच्या जागी काय शिजवावे, हे हुकमाने शिकविता येत नाही. 1940 च्या एप्रिलमध्ये अन्नमंत्री झालेले लॉर्ड वूल्टन हे मूळचे व्यापारी. गिऱ्हाइकाची मनधरणी कशी करावी, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या खात्याने वृत्तपत्रांतून पाककृती छापल्या, पत्रके वाटली आणि नभोवाणीचे साहाय्य घेतले. 1940 च्या जूनपासून बी.बी.सी.वर सकाळच्या आठच्या बातम्यांनंतर ‘किचन फ्रंट’ हा पाच मिनिटांचा कार्यक्रम सुरू झाला. एल्सी व डोरिस वॉटर्स या विनोदी भगिनी त्यात गप्पांच्या ओघात पाककृती सांगत, तर डॉ. चार्ल्स हिल ‘रेडिओ डॉक्टर’ या नावाने आरोग्याच्या गोष्टी समजावीत. स्वयंपाकघर हीही एक आघाडी आहे, हा त्या नावातील ध्वनी उगाच नव्हता. 1941 च्या डिसेंबरात तरुण अविवाहित स्त्रियांना राष्ट्रसेवेची सक्ती करणारा कायदा झाला. कारखान्यातले काम, दुकानापुढची रांग आणि चूल, असा तिहेरी भार असंख्य स्त्रियांवर पडला होता.

या काळातील सर्वांत गाजलेला पदार्थ म्हणजे ‘वूल्टन पाय’. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील मुख्य आचारी फ्रांस्वा लात्री याने तो सिद्ध केला. बटाटे, गाजर, फुलकोबी व सलगमाच्या जातीचा ‘स्वीड’ हा कंद शिजवून, ओटच्या भरडीने रस दाट करून, वर बटाट्याचा किंवा पिठाचा थर देऊन तो भाजीत. पदार्थ पौष्टिक होता. पण लोकांनी त्याची थट्टाच अधिक केली. याहून विचार करण्याजोगी नावे दुसऱ्या पाककृतींची होती. बटाटे, सफरचंद व चीज यांचे थर रचून भाजलेल्या पदार्थाला ‘नकली हंस’ म्हणत. भाजी चांगली असली तरी तिने मांसाचा मुखवटा घालूनच पंगतीत बसावे, असा तो प्रकार होता. खाणाऱ्याला प्रत्येक घासागणिक नसलेल्या मांसाची आठवण व्हावी, अशीच ती भाषा होती.

तरीही ही व्यवस्था टिकली, याचे मुख्य कारण समान वाटप हे होय. श्रीमंतालाही शिधापत्रिका चुकली नाही. उपाहारगृहात शिधापत्रिकेविना जेवता येई, म्हणून 1942 मध्ये तेथील जेवणावर 5 शिलिंगांची मर्यादा घातली गेली. काळाबाजार होता, पण शिध्यावरचा विश्वास ढळला नाही. हा न्याय मात्र त्या बेटापुरताच होता. त्याच साम्राज्यातील बंगालमध्ये 1943 च्या दुष्काळात, निरनिराळ्या अंदाजांप्रमाणे, 15 ते 30 लाख माणसे मृत्युमुखी पडली. ब्रिटनमधील शिधापत्रिकेचे कौतुक करताना या हिशेबाचे पान मिटून ठेवता येत नाही.

युद्ध संपले तरी टंचाई संपली नाही. 1951 च्या आरंभी मांसाचा शिधा 8 पेन्सांपर्यंत घसरला. याच सुमारास, 1950 साली, एलिझाबेथ डेव्हिड यांचा भूमध्य समुद्राकाठच्या पाककृतींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. युद्धकाळ ग्रीस व इजिप्तमध्ये काढून त्या मायदेशी परतल्या होत्या. त्यांच्या ग्रंथात मांसाचे पदार्थ होतेच. पण वांगी, लसूण, लिंबू, ऑलिव्हचे तेल यांचे वर्णन कशाचाही पर्याय म्हणून आलेले नव्हते. ते स्वतःच्या नावाने व स्वतःच्या चवीने ताटात आले होते. यांतील पुष्कळ जिन्नस तेव्हा इंग्लंडच्या बाजारात मिळणे कठीण होते, तरी वाचकांनी ते पुस्तक आवडीने वाचले.

4 जुलै 1954 रोजी मांसावरील नियंत्रण उठले. चौदा वर्षांचे शिधावाटप तेथेच संपले आणि रविवारचा भाजलेला तुकडा पुन्हा मेजावर आला. इतक्या वर्षांची सवय टिकली नाही, याचे आश्चर्य वाटावयास नको. टंचाईने मांस कमी केले आणि न्याय्य वाटपाने ती उणीव सुसह्य केली. परंतु जो पदार्थ नकली म्हणून वाढला गेला, त्याला अस्सल मिळताच उठावे लागले. भाजीला तिचे स्वतःचे नाव देऊन तिची गोडी सांगणारे लेखन मात्र नियंत्रण उठल्यावरही वाचले गेले, आणि त्यातूनच पुढे इंग्रजी स्वयंपाकघरात तेल, लसूण व वांगी यांना हळूहळू घर मिळाले.