खुलताबाद की खुल्दाबाद?

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्यावर साधारण 25 किलोमीटरवर पाटी दिसते, ‘खुलताबाद’. वर्गात आम्ही अर्थ विचारला, तर उत्तर आलं, ‘खुलता, म्हणजे उघडा!’ नाव बदलायच्या मागण्या होतायत आणि अर्थ आपल्याच पोरांना ठाऊक नाही. त्यांचा तरी काय दोष? मराठीत ‘द’चा ‘त’ झाला. उर्दूत आजही खुल्दाबादच लिहितात. ‘खुल्द’ अरबी शब्द, म्हणजे कायमचं राहणं. कुरआन शरीफमध्ये ‘जन्नतुल खुल्द’ आलंय. ‘आबाद’ फारसी, म्हणजे वसलेलं.

आधी या गावाला रौझा म्हणत. रौझा म्हणजे बाग, आणि बुजुर्गांची मजारही. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे मुरीद हजरत बुरहानुद्दीन गरीब इथंच दफन आहेत. 1707 साली बादशहा औरंगजेब यांचा अहमदनगरला इंतकाल झाला, दफन मात्र इथं, हजरत झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात. इंतकालानंतर त्यांना ‘खुल्द-मकान’ म्हणू लागले, म्हणजे जन्नतमध्ये ज्यांचं घर आहे ते. गावाचं नाव त्यावरूनच पडल्याचं मानतात. मलिक अंबर यांची कबरही याच गावात. ते 1626 ला वारले, तेव्हा हा रौझाच होता.