दाताच्या डॉक्टरचा परवाना: लूसीबाईंपासून आपल्या लेकींपर्यंत



दाताच्या दवाखान्यात आपला नंबर येईपर्यंत भिंतीकडे बघत बसावं लागतं. तिथे बहुधा दोन कागद चौकटीत लावलेले असतात. एक कॉलेजच्या पदवीचा आणि दुसरा नोंदणीचा. पदवी सांगते, ही व्यक्ती शिकलेली आहे. नोंदणी सांगते, हिला लोकांच्या दातांवर इलाज करायची कायद्याने मुभा आहे. या दोन गोष्टी एक नव्हेत. हा दुसरा कागद आला कसा, तो बायकांच्या हाती कसा पडला आणि मिळाल्यावर टिकवावा कसा लागतो, याची हकीकत आज ऐकू या. तिची सुरुवात अमेरिकेत होते.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिकडेही दाढ दुखली तर माणूस न्हाव्याकडे जाई, लोहाराकडे जाई, नाहीतर गावोगाव फिरणाऱ्या दात काढणाऱ्याची वाट बघे. ज्याला शिकायचं असेल तो एखाद्या जाणत्याच्या हाताखाली उमेदवारी करी. १८४० साली बाल्टिमोर शहरात होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस या दोघांनी खास दंतवैद्यकाचं कॉलेज काढलं. पुढच्याच वर्षी, १८४१ मध्ये, अलाबामा राज्याने या व्यवसायावर नियम घालणारा कायदा केला. अमेरिकेतला तो पहिला. मग १८६८ मध्ये ओहायो, न्यू यॉर्क आणि केंटकी या राज्यांनी आपापले कायदे केले. एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे हा विषय केंद्र सरकारचा नाही, राज्यांचा आहे. म्हणून एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात आपोआप चालत नाही. ही गाठ तेव्हा बसली, ती अजून पुरती सुटलेली नाही.

आता लूसी हॉब्ज या बाईंकडे येऊ. जन्म १८३३ चा, न्यू यॉर्क राज्यातला. मिशिगनमध्ये त्यांनी बरीच वर्षं शाळेत शिकवलं. डॉक्टर व्हायचं मनात होतं, म्हणून १८५९ मध्ये त्या सिनसिनाटीला गेल्या. वैद्यकीय कॉलेजने बाई म्हणून प्रवेश नाकारला. एका प्राध्यापकांनी खासगीत शिकवलं आणि सुचवलं, दंतवैद्यक बघा. ओहायो दंत महाविद्यालयानेही नाहीच म्हटलं. मात्र तिथले डॉक्टर जोनाथन टाफ्ट यांनी त्यांना आपल्या दवाखान्यात काही महिने काम शिकू दिलं. पुढे सॅम्युएल वॉर्डल या दंतवैद्यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. १८६१ मध्ये लूसीबाईंनी स्वतःचा दवाखाना उघडला. पदवी नाही, परवाना नाही.

आपण म्हणू, हे तर बेकायदेशीर झालं! तसं नव्हतं. ओहायोत तेव्हा परवान्याची सक्तीच नव्हती. पुढे आयोवा राज्यात जाऊनही त्यांनी असाच व्यवसाय केला. काम चोख होतं, माणसं येत गेली. १८६५ मध्ये आयोवाच्या दंतवैद्यांच्या संघटनेने त्यांना सभासद करून घेतलं आणि शिकागोच्या राष्ट्रीय अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून पाठवलं. त्यानंतर ज्या कॉलेजने दार लावलं होतं, त्याच ओहायोच्या कॉलेजने ते उघडलं. आधीचा अनुभव धरून त्यांना वरच्या वर्गात घेतलं आणि फेब्रुवारी १८६६ मध्ये पदवी दिली. दंतवैद्यकाची पदवी मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री. लग्नानंतर लूसीबाईंनी हे काम नवऱ्यालाही शिकवलं. पुढे कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी दोघांनी मिळून दवाखाना चालवला.

इथे जरा थांबून विचार करू या. ‘पदवीशिवाय परवाना नाही आणि परवान्याशिवाय व्यवसाय नाही’ असा नियम १८६१ मध्येच असता तर काय झालं असतं? कॉलेज बाईला घेत नाही, म्हणजे पदवी नाही, म्हणजे परवाना नाही. लूसीबाईंची वाट तिथेच संपली असती. परवाना रुग्णाला भोंदू माणसापासून वाचवतो, हे खरंच. पण कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं नसेल तर तोच परवाना लायक माणसालाही बाहेर ठेवतो. कायदा करताना ही दुसरी बाजू सहज विसरली जाते.

दार उघडायला मदत करणारा एक माणूस असला तरी किती फरक पडतो, ते टाफ्ट यांच्याच दवाखान्यात पुन्हा दिसलं. आयडा ग्रे ही कृष्णवर्णीय मुलगी तिथे काम करत होती. टाफ्ट पुढे मिशिगन विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयाचे प्रमुख झाले होते. त्याच कॉलेजातून १८९० मध्ये आयडाबाई पदवी घेऊन बाहेर पडल्या. अमेरिकेतल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री दंतवैद्य.

आता परवाना टिकवण्याची गोष्ट. एडगर पार्कर नावाचे एक गृहस्थ १८९२ मध्ये फिलाडेल्फियातून पदवीधर झाले. दवाखान्यात कुणी फिरकेना. मग त्यांनी बँडबाजा लावून रस्त्यावर तमाशा मांडला. पन्नास सेंटला दात काढणार, दुखलं तर पाच डॉलर परत देणार! स्वतःला ते ‘पेनलेस पार्कर’, म्हणजे न दुखवणारा पार्कर, म्हणवत. व्यवसाय खऱ्या नावानेच करावा असा नियम कॅलिफोर्नियात त्यांच्या आड आला, तेव्हा १९१५ मध्ये त्यांनी कोर्टातून आपलं नावच ‘पेनलेस’ करून घेतलं. नियम पाळला आणि मोडलाही! बोर्डाने त्यांच्यावर कारवाया केल्या, पण लोक मात्र जात राहिले, कारण स्वस्तात इलाज करणारे दुसरे फारसे नव्हते.

बोर्डाचंही सगळंच बरोबर असतं असं नाही. नॉर्थ कॅरोलायना राज्यात दात पांढरे करून देणारी दुकानं निघाली. तिथल्या दंत बोर्डाने त्यांना हे काम बंद करण्याची पत्रं पाठवली. बोर्डाच्या आठ सभासदांपैकी सहा जण स्वतः व्यवसाय करणारे दंतवैद्य होते. लोकांच्या दातांची काळजी की आपल्या गल्ल्याची, असा प्रश्न उभा राहिला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्यवसाय करणाऱ्यांच्याच हाती बोर्ड असेल, तर सरकारची खरी देखरेख असल्याशिवाय त्याला स्पर्धेच्या कायद्यातून सूट मिळणार नाही.

ही हकीकत आपल्यापर्यंत येते ती आयोवातूनच. रफिउद्दीन अहमद या बंगाली तरुणाने तिथल्या विद्यापीठातून १९१५ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि पुढे ते परतले. १९२० मध्ये त्यांनी कलकत्त्याला भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. कलकत्त्यातच शिकलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ मध्ये मुंबईत दवाखाना उघडला. त्या वेळी आपल्याकडेही परवान्याचा कायदा नव्हता. १९३९ मध्ये बंगालमध्ये तो झाला आणि १९४८ मध्ये साऱ्या देशासाठी दंतवैद्य कायदा आला. तेव्हापासून राज्याच्या दंत परिषदेत नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रातही तेच.

मैत्रिणींनो, आज हा विषय आपल्या घरातही आला आहे. मुलगी बीडीएस होते, चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप करते, नोंदणी घेते. मग लग्न ठरतं अमेरिकेतल्या मुलाशी. तिथे उतरल्यावर कळतं की इथली नोंदणी तिथे चालत नाही. बहुतेक राज्यांत तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजात पुन्हा दोन-तीन वर्षं शिकावं लागतं आणि फी भरमसाट असते. मग राष्ट्रीय लेखी परीक्षा, त्यानंतर बहुतेक ठिकाणी हाताच्या कामाची परीक्षा. पूर्वी या परीक्षेला उमेदवारालाच योग्य कीड असलेला रुग्ण शोधून आणावा लागे. तो आयत्या वेळी आला नाही तर परीक्षा बुडाली! कोरोनानंतर पुष्कळ ठिकाणी पुतळ्याच्या दातांवर परीक्षा होऊ लागली. न्यू यॉर्कने तर २००७ पासून परीक्षेऐवजी एक वर्षाचं निवासी प्रशिक्षणच लागू केलं. त्यात नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर गेलेल्या बायकोला शिकता येई, पण २०१५ पर्यंत बहुतेकदा काम करता येत नव्हतं. त्यानंतरही ती मुभा काहींनाच मिळाली.

परवाना मिळाला म्हणजे संपलं असंही नाही. ठरावीक मुदतीने तो नवा करावा लागतो. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी पन्नास तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. त्यात जंतुसंसर्ग टाळणं, जीव वाचवण्याचे प्रथमोपचार आणि तिथला दंत कायदा हे विषय येतात. राज्य बदललं की कागदपत्रांची खटपट पुन्हा. एकमेकांचे परवाने मानावेत असा करार काही राज्यांनी अलीकडे केला आहे, पण तो सगळीकडे नाही.

म्हणून लेकीचं ठरवताना पत्रिकेबरोबर हेही विचारा. मुलगा कोणत्या राज्यात आहे, तिथला परवाना कसा मिळतो, पुन्हा शिकायचा खर्च कोण करणार? तिच्या शिक्षणाची पाच वर्षं कपाटात पडून राहणार असतील, तर ते लग्नाआधी सगळ्यांना माहीत असलेलं बरं. तिची गुणपत्रकं, इंटर्नशिपचा दाखला, नोंदणीचा कागद जपून ठेवा आणि इथली नोंदणी वेळेवर नवी करायला सांगा. परत यायचं झालं तर तीच कामी येईल.

आणि आपण स्वतः दाढ दाखवायला जाऊ, तेव्हा भिंतीवरचा तो दुसरा कागद नीट वाचा. नोंदणी क्रमांक दिसत नसेल तर विचारा. विचारण्यात कसला आला आहे संकोच? तो कागद आपल्यासाठीच लावलेला असतो.