पडदा सपाट झाला तेव्हा: मराठवाड्यातील टीव्ही दुरुस्ती आणि तिची सुरक्षितता

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगाव हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, १९५६ मध्ये मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाले आणि १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत परभणीकडे तोंड करून राहिले. राजवटी बदलल्या तरी यंत्रांची वाट तीच राहिली. रेडिओ असो वा टीव्ही, वस्तू मोठ्या शहरातून खेड्यात आधी पोचत असे आणि ती दुरुस्त करण्याची विद्या बऱ्याच उशिरा मागून येत असे. टीव्ही दुरुस्तीचा इतिहास या अंतराचा इतिहास आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवाला असलेला धोका मुख्यतः याच अंतरात वाढला.

विजेची लाइन पोचण्यापूर्वी खेड्यातला रेडिओ म्हणजे व्हॉल्व्हचा आणि बॅटरीवर चालणारा. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या नळीतून इलेक्ट्रॉनचा प्रवाह नियंत्रित करणारा भाग. त्याची तार तापवायला दीड व्होल्ट पुरत, पण प्रवाह ओढून घेण्यासाठी सुमारे ९० व्होल्टची वेगळी बॅटरी लागे, आणि विजेवरच्या व्हॉल्व्ह रेडिओत हाच दाब दोनशे-अडीचशे व्होल्टपर्यंत जाई. त्यामुळे पहिल्या पिढीचा रेडिओ मेकॅनिक उघड्या सेटमध्ये हात घालताना जपून असे. १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर आला, सारा कारभार सहा किंवा नऊ व्होल्टवर आला, आणि बिनधास्त हात घालावा असे यंत्र प्रथमच दुकानात आले. ज्यांनी ट्रान्झिस्टरवर हात बसवला त्यांच्या मनातून विजेची धास्ती जवळजवळ निघून गेली. पुढे टीव्हीने ती परत आणली.

भारतातले दूरचित्रवाणी प्रसारण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी, परंतु मराठवाड्यातील खेड्यांपासून दोन्ही फार दूर होती. १९७५-७६ मध्ये उपग्रहामार्फत शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग सहा राज्यांतील २४०० गावांत झाला, त्यांत शेजारचे कर्नाटक व आंध्र प्रदेश होते, महाराष्ट्र नव्हता. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह सोडला गेला, त्यापाठोपाठ देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे, म्हणजे एखाद्या शहराच्या आसपास काही किलोमीटरपर्यंतच संदेश पोचवणाऱ्या मनोऱ्यांचे जाळे उभे राहिले, आणि जिल्ह्याच्या गावापासून लांब असलेल्या घरांवर उंच लोखंडी पाइपांना बांधलेले अँटेना दिसू लागले. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा वीज नसलेल्या वेळी बारा व्होल्टचा छोटा कृष्णधवल संच ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवणे ही खेड्यांतली सर्रास युक्ती होती. रंगीत प्रसारण १९८२ मध्ये सुरू झाले होते, पण रंगीत संच खेड्यात येण्यास आणखी काही वर्षे गेली. औरंगाबादजवळ पैठण तालुक्यातील चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा कारखाना असल्यामुळे मराठवाड्याचे टीव्हीशी नाते केवळ ग्राहकाचे राहिले नाही.

या काळातल्या संचाचे हृदय म्हणजे पिक्चर ट्यूब. तिच्या मानेतल्या ‘गन’मधून निघालेले इलेक्ट्रॉन पडद्यावर आदळावेत म्हणून काचेच्या आत कृष्णधवल संचात साधारण बारा ते अठरा हजार आणि रंगीत संचात वीस ते सत्तावीस हजार व्होल्टचा दाब द्यावा लागे; हा दाब तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला मेकॅनिक ‘ईएचटी’ म्हणत. ट्यूबची काच आणि तिच्यावरचा काळा वाहक लेप मिळून नकळत एक कॅपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, तयार होई. त्यामुळे प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये झटका शिल्लक राही. त्यावरचा उपाय शिकाऊ मुलाला पहिल्याच आठवड्यात दाखवला जाई: स्क्रूड्रायव्हरला तार गुंडाळायची, तारेचे दुसरे टोक ट्यूबभोवतीच्या जाळीदार अर्थला लावायचे आणि ईएचटीची तार ट्यूबला जिथे जोडलेली असे तिथल्या रबरी टोपीखाली पाते सरकवायचे. ‘टक्’ असा आवाज झाला की ट्यूब रिकामी झाली असे मानायचे, आणि जाणता उस्ताद काही मिनिटांनी तेच पुन्हा करायला लावी, कारण काचेत मुरलेला भार थोडा परत वर येतो. एक हात मागे ठेवण्याची, म्हणजे करंट एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जाऊ नये अशी सवयही याच काळातली. त्या पिढीची सुरक्षितता कोणत्याही पुस्तकापेक्षा या ‘टक्’ आवाजाने शिकवली, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

सपाट पडद्याचे तंत्र प्रयोगशाळेत जुनेच होते. प्लाझ्मा पडदा १९६४ मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठात तयार झाला आणि द्रव-स्फटिकांचा, म्हणजे एलसीडीचा, पडदा १९६८ मध्ये आरसीए कंपनीने जगापुढे आणला. भारतातल्या घरांत मात्र हे पडदे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिरू लागले आणि दुसऱ्या दशकात त्यांनी पिक्चर ट्यूब बाजारातून हटवली. दुकानाच्या टेबलावर दोघांनी धरून ठेवायचा तीस-चाळीस किलोचा डबा गेला, काखेत मारून आणता येईल असा बत्तीस इंची संच आला. ट्यूब गेली, ईएचटी गेला, ‘टक्’ गेला. संच हलका आणि पातळ झाला म्हणून तो निरुपद्रवीही झाला असा समज तेव्हा पसरला, आणि ट्रान्झिस्टरच्या काळातला बिनधास्तपणा दुसऱ्यांदा परतला.

हा समज किती फसवा होता ते आकड्यांनीच पाहणे बरे. सपाट टीव्हीचा वीजपुरवठा ‘एसएमपीएस’ पद्धतीचा असतो: घरातली २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आधी एकदिश केली जाते, त्यामुळे ती सुमारे ३२५ व्होल्टवर जाते, मोठ्या संचांत विशेष मंडल तिला ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत चढवते, आणि मग तिचे जलद तुकडे पाडून हवा तो कमी दाब मिळवला जातो. मधल्या टप्प्यावर ही वीज साठवणारा जाडजूड कॅपॅसिटर मेकॅनिकांच्या बोलीत ‘मेन फिल्टर’. शंभर मायक्रोफॅरडच्या फिल्टरमध्ये ३९० व्होल्टला सुमारे साडेसात ज्यूल ऊर्जा असते. रंगीत पिक्चर ट्यूबच्या काचेत पंचवीस हजार व्होल्टला साठणारी ऊर्जा एक ज्यूलच्याही आत असे. म्हणजे व्होल्ट साठपट उतरले, पण साठलेला मारा दहापटीने जास्त. असा फिल्टर रंगीत ट्यूबच्या संचातही होता हे खरे, परंतु तिथे सगळी भीती ट्यूबने स्वतःकडे ओढून घेतली होती. ट्यूब गेली तेव्हा भीतीही तिच्याबरोबर गेली आणि फिल्टर तेवढा मागे राहिला.

त्यात आणखी एक खोच आहे. चालू संचाचा प्लग काढला तर पुढची मंडले फिल्टरमधली वीज काही क्षणांत पिऊन टाकतात. ‘डेड’ म्हणून आलेल्या संचात मात्र फ्यूज शाबूत असून तुकडे पाडणारे मंडल बंद पडलेले असेल, तर ती वीज वापरणारे कोणीच नसते. भार निचरून नेणारा रेझिस्टर तुटलेला असेल तर फिल्टर बराच वेळ भरलेलाच राहतो. सबब, दुरुस्तीला येणारा मेलेला टीव्ही हा प्लग काढलेल्या चालत्या टीव्हीपेक्षा घातक ठरू शकतो. रिमोटने बंद केलेल्या संचाचेही तसेच: स्टँडबायचा लाल दिवा लागला आहे तोवर आतला प्राथमिक भाग, ज्याला ‘हॉट साइड’ म्हणतात, थेट लाइनला जोडलेला असतो.

ट्यूबच्या काळातला स्क्रूड्रायव्हर इथे चालत नाही. फिल्टरच्या दोन पायांवर पाते टेकवले तर मोठी ठिणगी पडते, पात्याला खळगा पडतो, बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडते आणि कॅपॅसिटरही दुखावतो. योग्य रीत अशी की प्लग काढून एक-दोन किलोओहमचा दहा वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड तारांनी दोन्ही पायांना लावावा, दोन-तीन सेकंद थांबावे आणि मग मल्टिमीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर ठेवून आकडा शून्याजवळ आल्याची खात्री करावी. होल्डरमध्ये बसवलेला जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब आणि त्याला दोन प्रोब हे याच कामाचे देशी रूप असून ते एका बाबतीत रेझिस्टरपेक्षा सरस ठरते: फिल्टर भरलेला असेल तर बल्ब क्षणभर लकाकतो, म्हणजे हरवलेल्या ‘टक्’ची जागा डोळ्यांना दिसणारी खूण घेते. तरी मीटर लावल्याशिवाय हात लावू नये, कारण बल्बची तार तुटलेली असली तरीही तो लकाकत नाही.

बल्बाचा दुसरा उपयोग म्हणजे सिरीज लॅम्प. दुरुस्त केलेला बोर्ड प्रथम सुरू करताना तो बल्बमधून जोडतात. बोर्डात शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि बोर्ड वाचतो. या साध्या साधनाभोवती एक गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे, तो असा की सिरीज लॅम्प माणसालाही वाचवतो. शंभर वॅटच्या बल्बमधून चारशे मिलिअँपिअरहून अधिक करंट जाऊ शकतो आणि माणसाचा जीव घ्यायला त्याचा छोटा अंश पुरतो. माणसाला संरक्षण द्यायचे तर लाइन आणि संच यांच्यात तांब्याचा थेट संबंध न ठेवणारा, एकास एक प्रमाणाचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो जड व खर्चिक असतो.

खेड्यातील विजेची अवस्था या इतिहासापासून वेगळी काढता येत नाही. १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाने गावोगाव खांब नेले, पण शेतीपंप आणि घरे एकाच रोहित्रावर असल्याने पंप सुरू झाले की घरातला दाब खाली जाई, आणि न्यूट्रलची तार तुटली की घरात २३० ऐवजी चारशेच्या आसपास व्होल्ट येत. गावठाणाचे फीडर पुढे वेगळे झाले, सपाट संच नव्वदपासून अडीचशेपेक्षा अधिक व्होल्टपर्यंत चालणारे निघाले, आणि त्या भरवशावर लोकांनी स्टॅबिलायझर माळ्यावर टाकले. त्यामुळे वाढीव दाबाचा सारा भार संचातल्या फ्यूजवर आणि त्याशेजारच्या, दाब वाढताच स्वतः वाहक होऊन जादा प्रवाह स्वतःतून वळवणाऱ्या आणि त्यायोगे फ्यूज उडवणाऱ्या व्हॅरिस्टर नावाच्या चकतीवर आला. दुकानात येणाऱ्या अनेक संचांत ही चकती कापून टाकलेली आणि फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा पेड पिळलेला आढळतो. असा टीव्ही चालतो, ग्राहक खूश होऊन जातो, आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी बोर्ड पेटतो. या व्यवसायात क्षमा न करण्याजोगी एखादी दुरुस्ती असेल तर ती हीच. अर्थिंगचे दुखणे याहून जुने: काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडते, तेव्हा मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पाणी न घातल्यास अर्थ नावापुरता उरतो, आणि टीव्हीच्या मागच्या पत्र्याला किंवा डिशच्या केबलला हात लागताच झिणझिण्या येतात.

पडद्यामागच्या प्रकाशाचीही दोन युगे झाली. पहिल्या एलसीडी संचांत पेन्सिलीहून बारीक नळ्या होत्या, त्या पेटवायला इन्व्हर्टर हजार व्होल्टहून अधिक दाब देई आणि प्रत्येक नळीत काही मिलिग्रॅम पारा असे. पुढे त्यांची जागा एलईडीच्या पट्ट्यांनी घेतली, ज्यांना मेकॅनिक नुसते ‘स्ट्रिप’ म्हणतात. आवाज येतो पण चित्र नाही, अशा संचावर अंधारात टॉर्च तिरका धरला आणि आत अंधूक चित्र हलताना दिसले, तर पॅनेल ठीक असून बॅकलाइट गेला हे निदान पक्के. स्ट्रिपमधले एलईडी दिव्यांच्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असल्याने एक गेला की रांग विझते. नवी स्ट्रिप टाकण्यासाठी पॅनेल उचलावे लागते आणि इथे धोका माणसापेक्षा यंत्राला अधिक असतो: अर्ध्या ते पाऊण मिलिमीटर जाडीच्या दोन काचा, कडेला चिकटवलेल्या नाजूक रिबनी, आणि त्यांतली एक ताणली गेली तरी पडद्यावर कायमची उभी रेष. पॅनेल दोघांनी सपाट धरूनच उचलावे, आणि मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर साठणारी स्थिर वीज आधी अर्थला स्पर्श करून उतरवावी. स्ट्रिप तपासण्याच्या टेस्टरची टोके मोकळी असताना जवळजवळ तीनशे व्होल्ट दाखवू शकतात, हे मात्र तो छोटा डबा पाहून खरे वाटत नाही.

या कामाचे औपचारिक शिक्षण देणारा ‘मेकॅनिक रेडिओ अँड टीव्ही’ हा आयटीआयचा अभ्यासक्रम पुढे इलेक्ट्रॉनिक्सच्या व्यापक अभ्यासक्रमांत मिसळून गेला. कायद्याने लक्ष घातले ते वस्तूच्या दोन टोकांना. २०१२ च्या आदेशाने बत्तीस इंच व त्यावरच्या सपाट टीव्हीला आयएस ६१६ या सुरक्षा मानकानुसार नोंदणी सक्तीची झाली, म्हणजे कारखान्यातून निघणारा संच तपासला जाऊ लागला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी टीव्हीच्या शेवटाची जबाबदारी उत्पादकावर टाकली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले, त्यात टीव्हीसह घरगुती उपकरणांच्या कंपन्यांनी माहिती द्यावी अशी अपेक्षा ठेवली. या दोन टोकांच्या मध्ये संचाचे जे आयुष्य जाते, ते बसस्टँडजवळच्या दहा बाय दहाच्या दुकानात जाते. पाऱ्याच्या फुटक्या नळ्या, फुगलेले फिल्टर आणि जळके बोर्ड तिथेच साठतात, आणि ई-कचऱ्याच्या नियमांतून सूक्ष्म उद्योगांना वगळलेले असल्यामुळे ते दुकान त्या नियमांच्या कक्षेबाहेर आहे.