शायर, शाहीर आणि 'इलमॅटिक'

मराठीतला 'शाहीर' हा शब्द अरबी 'शाइर'वरून आला, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण शब्दाबरोबर माणसेही आली, याचा विसर पडतो. पेशवाईच्या उत्तरकाळात लावण्या-पोवाडे रचणारा सगनभाऊ जेजुरीचा, जातीने शिकलगार, धर्माने मुसलमान. कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे सवाल-जवाब तुकनगिरी गोसावी आणि शाह अली फकीर यांच्यापासून सुरू झाले, अशी आख्यायिका आहे. डफावर थाप मारून समोरच्याला कोड्यात पकडायचे, त्याला उत्तर सुचले नाही तर त्याची हार. हे सांगितले की आजच्या मुलांना लगेच रॅपमधली 'बॅटल' आठवते, आणि ती आठवण गैर नाही.

रॅपचा विषय या पानांवर कशाला, असे कोणी विचारील. आम्ही वरोऱ्याला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मधल्या सुट्टीत पोरे बाक बडवून जे म्हणत असतात त्याला बुजुर्ग 'बकवास' म्हणतात आणि मोकळे होतात. पोवाड्याचेही पूर्वी असेच झाले होते. गोंधळ्यांच्या तोंडची गाणी म्हणून शिकल्यासवरलेल्यांनी ती दूर ठेवली. १८९१ मध्ये अ‍ॅक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांचा संग्रह छापला आणि पुढे तीच गाणी इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासली जाऊ लागली. एका रॅप अल्बमकडे आम्हांला त्याच नजरेने पाहायचे आहे.

'इलमॅटिक' १९ एप्रिल १९९४ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाला. गाणारा नासिर जोन्स, म्हणजे 'नास', तेव्हा २० वर्षांचा होता. तो वाढला क्वीन्सब्रिज या सरकारी घरांच्या वसाहतीत. ९६ इमारती, तीन हजारांहून अधिक घरे. अमेरिकेतली या प्रकारची सर्वांत मोठी वसाहत. शाळा आठवीनंतर सुटली. वडील ओलू दारा जाझ वादक. अल्बममधल्या एका गाण्याच्या शेवटी त्यांचेच कॉर्नेट ऐकू येते. १९९२ मध्ये वसाहतीतला जिवलग मित्र गोळीला बळी पडला. मुखपृष्ठावर नासचा लहानपणीचा फोटो आहे आणि मुलाच्या चेहऱ्यावरच वसाहतीच्या इमारती उमटल्या आहेत. (नाव नासिर आहे म्हणून त्याला आपल्यात ओढण्याची घाई नको. अरबी नावे ठेवण्याची चाल तिथल्या काळ्या समाजात आहे. मात्र ज्या गाण्याविषयी पुढे लिहीत आहोत त्याचे संगीत रचणाऱ्या क्यू-टिपने नंतर इस्लाम स्वीकारला आणि कमाल फरीद हे नाव घेतले.)

दहा तुकडे, जेमतेम चाळीस मिनिटे. आरंभी रेल्वेचा खडखडाट, मित्रांच्या गप्पा, आणि मग सुरू होते वसाहतीची हकीकत. कोण कुठे उभा आहे, कोणाच्या खिशात काय आहे, पोलीस कुठून येतात. हे नीट कळायला त्या काळचे कायदे माहीत हवेत. न्यूयॉर्क राज्याचे अमली पदार्थांचे कायदे १९७३ पासूनच कडक होते. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने पाच ग्रॅम क्रॅक विकणाऱ्याला किमान पाच वर्षांची कैद ठेवली. तितकीच कैद कोकेनची पावडर विकणाऱ्याला व्हायला पाचशे ग्रॅम लागत. क्रॅक गरीब वस्तीत, पावडर श्रीमंतांच्या घरी. वसाहतीतली तरुण पोरे तुरुंगात का भरली, ते एवढ्या हिशेबावरून समजावे.

'वन लव्ह' हे गाणे म्हणजे या तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रे. तुला मुलगा झाला, तुझ्यासारखा दिसतो म्हणतात. तुझी बायको पत्र का लिहीत नाही. तुझ्या तिथल्या खात्यात थोडे पैसे टाकले आहेत. अमक्याच्या भाचीला घरी येताना गोळी लागली. खबरीमागून खबर, रडारड कुठेच नाही. शेवटच्या भागात निवेदक बाकावर बसलेल्या बारा वर्षांच्या पोराजवळ जाऊन बसतो. पोर धंद्यात पडलेले, गोळीबाराच्या गोष्टी करणारे. निवेदक त्याला चार शब्द सांगतो आणि निघून जातो. पोराचे पुढे काय झाले, ते गाणे सांगत नाही.

पोवाडा असे कधी करीत नाही. पोवाड्याला नायक लागतो, लढाई लागते, आणि बहुधा बिदागी देणारा कोणीतरी लागतो. 'इलमॅटिक'मध्ये नायक नाही. सांगणारा स्वतःही निर्दोष नाही, आणि न्यायाधीश तर मुळीच नाही.

आपल्याकडे हे वळण शाहिरीनेच घेतले होते. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे अमर शेख (१९१६-१९६९), बसवर क्लीनर होते, गिरणीत राबले होते. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड आठवा. मुंबईला पोट भरायला आलेला गडी, गावी राहिलेली बायको, त्याची तगमग. आणि बघता बघता ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर ठेवलेला बेळगाव-निपाणीचा मुलूख होऊन जाते. घरगुती दुःखातून मुलखाचे राजकारण सांगायचे, हीच 'वन लव्ह'ची रीत. फरक इतकाच, की अण्णाभाऊंजवळ चळवळ होती, म्हणून गाण्याला शेवटी लढ्याची हाक आहे. नासजवळ पत्राच्या पाकिटापलीकडे काही नव्हते. आम्हांला दोन्ही थोर वाटतात; पण अमर शेखांनंतर आपल्या पोरांजवळ कलापथक राहिले नाही, आणि त्यांना नास जवळचा वाटला यात नवल नाही.

कुर्ल्याचा नावेद शेख, म्हणजे 'नेझी', याने २०१४ मध्ये आयपॅडवर 'आफत' हे गाणे तयार केले. अंधेरीचा विवियन फर्नांडिस, म्हणजे 'डिव्हाइन', आणि तो मिळून २०१५ मध्ये 'मेरे गली में' आले. या दोघांवरून सुचलेल्या 'गली बॉय' चित्रपटाच्या (२०१९) निर्मात्यांच्या यादीत खुद्द नासचे नाव आहे. पुण्याच्या अल्ताफ शेखच्या, म्हणजे 'एमसी स्टॅन'च्या, २०२० मधील अल्बमचे नाव 'तडीपार'. पोलीस ठाण्यातला मराठी शब्द उचलून त्याने पाटीसारखा गळ्यात घातला. त्याची शिवीगाळ आणि सोन्याच्या साखळ्यांचा मिरवणुकी थाट आम्हांला रुचत नाही, आणि नासच्या निवेदनातला संयम त्याच्यात नाही. पण भाषा त्याची पक्की आहे. मराठीच्या काठाने वाहणारी आपली हिंदी, जिला उर्दूचे मास्तर अशुद्ध म्हणतात आणि मराठीचे परकी, ती त्याने जशीच्या तशी ठेवली.

तुरुंगात पोचणारे पत्र मात्र आपल्या रॅपमध्ये आम्हांला अजून सापडलेले नाही. तुरुंग आपल्या समाजाला अनोळखी नाही. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात वाहिद शेख हे शाळाशिक्षक नऊ वर्षे आत होते. २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. 'बेगुनाह कैदी' हे त्यांचे पुस्तक आतून बाहेर आलेले आहे. बाहेरून आत काय गेले, त्या नऊ वर्षांत मोहल्ल्यातली कोणती खबर कोणी कशी कळवली, हे लिहिणारा अजून यायचा आहे.

शाळेतल्या पत्रलेखनात मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज असतो आणि पुस्तकविक्रेत्याला मागणीपत्र. यंदा आम्ही नववीला तिसरे पत्र दिले: दूर गेलेल्या माणसाला घरची खबर. मुलांनी उर्दूत सुरुवात केली, मध्ये घरची बोली घुसली, आणि वऱ्हाडीचे शब्द आम्ही तसेच राहू दिले. एका मुलीने हैदराबादला बांधकामावर गेलेल्या चुलतभावाला कळवले, की त्याची बकरी व्याली, पिले दोन आहेत, आणि अब्बाने रेशनकार्डावरचे त्याचे नाव अजून काढलेले नाही.