लहान मुलांच्या मेंदूची शस्त्रक्रिया: एमबीबीएसचे विद्यार्थी वॉर्डात नेमकं काय शिकतात?

बाळाला लस द्यायला नेलं की दवाखान्यात वजन होतं, लांबी मोजली जाते आणि बऱ्याचदा डोक्याभोवती एक टेपही गुंडाळली जाते. अनेक पालकांना ही मोजणी औपचारिकता वाटते. पण बाळाच्या मेंदूत पाणी साठू लागलं असेल, तर ते लवकर ओळखण्याचं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे तीच टेप.

लहान मुलांच्या मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या शस्त्रक्रियांच्या शाखेला पेडियाट्रिक न्यूरोसर्जरी म्हणतात. एमबीबीएस करणाऱ्यांपैकी अगदी थोडे जण पुढे या शाखेत जातात. मग बाकीच्यांनी हे का शिकायचं?

कारण आजारी मूल सुरुवातीला न्यूरोसर्जनकडे जात नाही. ते गल्लीतल्या दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या रुग्णालयात जातं. तिथल्या डॉक्टरला धोका ओळखता आला, तरच पुढचं ऑपरेशन वेळेवर होतं.

मुलांसाठी वेगळी शाखा कशाला?

फ्रँक इंग्रॅहम यांनी १९२९ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात या कामाची स्वतंत्र सुरुवात केली. भारतात न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सुरू केला.

मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. बाळाच्या कवटीची हाडं एकमेकांना जुळलेली नसतात, त्यामुळे आतला दाब वाढला तर डोकं मोठं होत जातं. मोठ्या माणसाची कवटी पसरू शकत नाही.

आजारही वेगळे असतात. मेंदूत पाणी साठणं म्हणजे हायड्रोसेफॅलस, पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष म्हणजे स्पायना बायफिडा, कवटीचे सांधे वेळेआधी जुळणं, मेंदूच्या मागच्या भागातल्या गाठी, हे या वॉर्डातले नेहमीचे रुग्ण. भारतात क्षयरोगामुळे मेंदूच्या आवरणाला सूज येऊन पाणी साठलेली मुलंही बरीच असतात.

पहिला धडा: टेप, टाळू आणि पाठ

पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो दर महिन्याला सुमारे २ सेंटिमीटरने वाढतो, पुढचे तीन महिने १ सेंटिमीटरने आणि त्यानंतर वर्षाचं होईपर्यंत महिन्याला साधारण अर्ध्या सेंटिमीटरने.

विद्यार्थ्याला टेप कुठून न्यायची हे शिकवतात. पुढे भुवयांच्या वर आणि मागे डोक्याचा सर्वांत फुगीर भाग. दोन-तीन वेळा मोजून सर्वांत मोठा आकडा घ्यायचा आणि वाढीच्या तक्त्यावर मांडायचा. जागतिक आरोग्य संघटनेचे असे तक्ते २००७ पासून उपलब्ध आहेत. एका आकड्यावरून फारसं कळत नाही. आई-वडिलांचीच डोकी मोठी असतील, तर बाळाचंही मोठं असू शकतं. पण आलेख वरच्या रेषा ओलांडत चालला असेल, तर लगेच तपासणी हवी.

त्यानंतर टाळू. आजी ज्या टाळूवर तेल घालते, तीच डॉक्टरसाठी मेंदूतला दाब कळण्याची खिडकी असते. बाळ शांत असताना, त्याला उभं धरून टाळूवर हलकेच बोटं ठेवायची. रडणाऱ्या बाळाची टाळू तशीही वर येते, म्हणून आधी त्याला शांत करणं हादेखील शिकण्याचाच भाग. पुढची टाळू बहुतेक मुलांमध्ये दीड वर्षापर्यंत भरून येते.

दाब वाढलेल्या बाळाच्या डोक्यावरच्या शिरा ठळक दिसतात. डोळे खाली ओढल्यासारखे होतात आणि बुबुळाच्या वर पांढरा भाग दिसतो. या नजरेला मावळत्या सूर्याची उपमा देतात.

शेवटी बाळाला पालथं घालून पाठ बघायची. कमरेच्या मधोमध केसांचा झुपका, मऊ गाठ किंवा असामान्य खळगा असेल, तर आत मज्जारज्जू अडकलेला असू शकतो. कपडे न काढता तपासलं तर हे दिसत नाही.

बोलता न येणाऱ्या रुग्णाची शुद्ध कशी मोजतात?

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची शुद्ध मोजायला जगभर ग्लासगो कोमा स्केल वापरतात. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये ती मांडली. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना गुण देतात. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५.

पण आठ महिन्यांच्या बाळाला ‘तुझं नाव काय, आज वार कोणता’ असं कसं विचारणार? म्हणून मुलांसाठी बोलण्याचे गुण बदलले आहेत. बाळ हुंकार देत असेल, बडबडत असेल तर ५. चिडचिड करत रडत असेल तर ४. दुखवल्यावरच रडलं तर ३. दुखवल्यावर नुसतं कण्हलं तर २. काहीच आवाज नसेल तर १. हा आकडा दर थोड्या वेळाने पुन्हा मोजून लिहायचा असतो. तो घसरू लागला, तर वरिष्ठांना त्याच क्षणी बोलवायचं.

शंट: एका बापाने बनवलेला झडपेचा तुकडा

मेंदूत साठलेलं पाणी काढायला बहुतेक वेळा शंट बसवतात. ही एक बारीक नळी असते. मेंदूतल्या पोकळीतून निघून ती कानामागून, मान आणि छातीच्या त्वचेखालून पोटात जाते. तिथे ते पाणी शरीर शोषून घेतं. मध्ये एक झडप असते, ती प्रवाह एकाच दिशेने ठेवते.

१९५० च्या दशकात फिलाडेल्फियामध्ये जॉन होल्टर नावाच्या तंत्रज्ञाचा मुलगा स्पायना बायफिडा आणि हायड्रोसेफॅलस घेऊन जन्मला. न्यूरोसर्जन युजीन स्पिट्झ यांच्या मदतीने होल्टर यांनी स्वतः झडप तयार केली आणि १९५६ पासून ती मुलांमध्ये वापरली जाऊ लागली. भारतात बनणारा स्वस्त ‘छाब्रा’ शंटही या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. युगांडात १९५ मुलांवर त्याची एका महागड्या परदेशी शंटशी तुलना झाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतरच्या परिणामांत ठळक फरक आढळला नाही.

पण शंट बंद पडतो. बसवल्यापासून दोन वर्षांत साधारण निम्म्या मुलांना तो दुरुस्त करावा किंवा बदलावा लागतो, असं मानलं जातं. म्हणून विद्यार्थ्यांना एक नियम पाठ करायला लावतात: शंट असलेल्या मुलाला उलट्या, डोकेदुखी किंवा सुस्ती असेल, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत शंट बिघडला आहे असंच समजायचं. ताप असेल तर शंटमध्ये जंतुसंसर्ग झाला नाही ना, हेही तपासायचं. अशा मुलाला साध्या पोटदुखीचं औषध देऊन घरी पाठवणं जीवावर बेतू शकतं.

ऑपरेशन थिएटरमध्ये विद्यार्थी काय करतो?

मुख्यतः बघतो. नवजात बाळाच्या शरीरात दर किलोमागे साधारण ८० ते ८५ मिलिलीटर रक्त असतं. म्हणजे तीन किलोच्या बाळात एकूण पाव लिटरच. दोन-तीन गॉज रक्ताने भिजले तरी भूलतज्ज्ञ हिशोब मांडू लागतात. बाळ लवकर गारही पडतं, त्यामुळे खोली उबदार ठेवतात.

अशा ठिकाणी नवख्या हाताला सुरी मिळत नाही. निर्जंतुक पद्धतीने हात कसे धुवायचे, गाऊन कसा घालायचा, कोणत्या वस्तूला हात लावायचा नाही, हे विद्यार्थी शिकतो. टाके घालणं, पाठीतून पाणी काढणं यांचा सराव आधी स्किल लॅबमधल्या पुतळ्यांवर होतो. पुढच्या टप्प्यातल्या सर्जनसाठी थ्रीडी प्रिंटरवर बनवलेल्या कवटी आणि मेंदूच्या प्रतिकृतीही आता वापरल्या जातात.

आई काय म्हणते, ते लिहून घ्या

या वॉर्डात रुग्ण एक असला, तरी बोलायचं असतं पूर्ण कुटुंबाशी. ‘तो आज नेहमीसारखा नाही’ हे आईचं वाक्य अनेकदा स्कॅनच्या आधी धोका सांगतं. म्हणून केस पेपरवर ते तिच्याच शब्दांत लिहायला शिकवतात.

भारतात २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद हा स्वतंत्र भाग आहे. ‘मूल चालेल का, शाळेत जाईल का’ या प्रश्नांना खोटा दिलासा न देता आणि आशाही न मोडता कसं उत्तर द्यायचं, हे वरिष्ठ डॉक्टर बोलत असताना शेजारी उभं राहूनच समजतं.

पुढे याच शाखेत जायचं असेल तर?

भारतात इंटर्नशिप धरून एमबीबीएसला साडेपाच वर्षं, मग जनरल सर्जरीत एमएसची तीन आणि न्यूरोसर्जरीत एमसीएचची तीन. काही संस्थांत एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. म्हणजे किमान साडेअकरा वर्षं, आणि मुलांच्या शस्त्रक्रियांचं खास प्रशिक्षण त्यानंतर. अमेरिकेत एमडीनंतर न्यूरोसर्जरीची सात वर्षं आणि मुलांच्या फेलोशिपचं आणखी एक वर्ष लागतं.

बाकीच्या डॉक्टरांना याचा उपयोग काय?

मेंदूतली गाठ असलेल्या मुलाला सुरुवातीला सकाळी उठल्यावर उलटी होते, डोकं दुखतं, चालताना तोल जातो. घरात पित्त किंवा जंत समजून औषध सुरू होतं. ब्रिटनमध्ये २०११ मध्ये ‘हेडस्मार्ट’ ही मोहीम सुरू झाली. डॉक्टर आणि पालक दोघांनाही ही लक्षणं शिकवली गेली. लक्षणं दिसल्यापासून निदानापर्यंतचा काळ तिथे २००६ मध्ये १४ आठवड्यांहून जास्त होता, तो २०१३ पर्यंत ७ आठवड्यांच्या आत आला.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि मज्जारज्जूचे जन्मजात दोष शोधणं हा त्याचाच भाग आहे. तपासणाऱ्याने पाठ बघितली, डोकं मोजलं, तरच त्याचा उपयोग.

पालकांनी काय लक्षात ठेवावं?

• लसीकरणाच्या वेळी डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहून घ्या.
• शांत बसलेल्या बाळाची टाळू फुगलेली दिसत असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.
• सकाळच्या उलट्या आणि डोकेदुखी दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालली, किंवा मुलाचा तोल जाऊ लागला, तर मेंदूची तपासणी लागेल का, हे विचारा.
• शंट असलेल्या मुलाचे स्कॅन आणि शंटची माहिती प्रवासातही जवळ ठेवा.
• मूल हवं असेल, तर गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. बाळाची मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच बंद होते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं.